सरकारी वकील घडवणारा प्राध्यापक कुठे आहे?

धाड परिसरात ॲट्रॉसिटीचा खटला उभा राहिला की आपली माणसे पहिला प्रश्न विचारतात, "सरकारी वकील कसा आहे?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. तो वकील कोणत्या वर्गात, काय शिकून आला, हे आम्ही विचारतच नाही. बाबासाहेबांनी ते विचारले होते.

बाबासाहेब बॅरिस्टर होते, घटनाकार होते, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. कायद्याचे प्राध्यापक बाबासाहेब मात्र जयंतीच्या भाषणात क्वचितच येतात. १९२३ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली. ते सरकारी वकील कधीच नव्हते. ते आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाच्या बाजूने उभे राहिले. 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांना १९२६ मध्ये अपिलात त्यांनीच सोडवले. त्याच काळात पोटासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि जून १९३५ मध्ये तिथलेच प्राचार्य.

सरकारी खुर्ची मिळाली की माणूस गप्प होतो, असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. प्राचार्य असतानाच १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा झाली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक विधिमंडळात आले. १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले.

१९३६ मध्येच त्यांनी महाविद्यालयाच्या मासिकात मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. कलमे पाठ करून वकील होत नाही; त्याला कायद्यामागची तत्त्वे, समाजाचे ज्ञान आणि नेमके मांडण्याची शक्ती हवी, असा त्यांचा रोख होता. पुढे १९५६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. हे एकाच धाग्यातले काम आहे.

आज ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५ विशेष सरकारी वकिलाची तरतूद करते. १९९५ च्या नियमांनुसार पीडिताने इच्छा व्यक्त केल्यास जिल्हा दंडाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकीलही नेमू शकतात. पण जातीचा व्यवहार न समजलेला वकील हातात कलम असूनही साक्षीदार फुटताना बघत बसतो. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आमच्या मुलामुलींनी एलएल.बी. करून नुसता काळा कोट घालू नये. त्यातल्या काहींनी एलएल.एम., नेट करून वर्गात उभे राहावे. एक वकील एक खटला लढतो. एक प्राध्यापक शेकडो वकील घडवतो.

जय भीम!