गुडघा बोटांपुढे गेला तर बिघडले काय?

जिममध्ये नव्याने खांद्यावर बार घेणाऱ्याला दोन ताकिदी हमखास मिळतात. खाली बसताना, म्हणजे स्क्वॉट करताना, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही, आणि मांडी जमिनीला समांतर झाली की थांबायचे. त्याखाली गेलात तर गुडघ्याचे वाटोळे. पुरावा मात्र सहसा कोणी मागत नाही.

पूर्वपक्षाला आधार अगदीच नाही असे नाही. टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी १९६१ मध्ये वजन उचलणाऱ्यांचे गुडघे तपासले, बाजूचे अस्थिबंध सैल असल्याचा निष्कर्ष काढला आणि पूर्ण स्क्वॉटला विरोध केला. पण पुढच्या संशोधकांना ही सैलता आढळली नाही. चँडलर, विल्सन व स्टोन यांनी १९८९ मध्ये आठ आठवड्यांच्या स्क्वॉटनंतर गुडघे मोजले. त्यांची स्थिरता ढळलेली नव्हती.

राहिला बोटांचा प्रश्न. गुडघा पुढे गेला की त्याच्यावरचा भार वाढतो, हे म्हणणे खरेच आहे. फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सात सरावलेल्या पुरुषांच्या बोटांपुढे फळी उभी करून गुडघे अडवले. तेव्हा गुडघ्यावरचे आघूर्ण (टॉर्क) सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आले. खुब्यावरचे मात्र २८ वरून ३०३ वर गेले! धड जास्त पुढे झुकले, म्हणजे कंबरेलाही झळ लागणारच. गुडघ्याचा पाऊणपट भार कायम राहिला आणि खुब्याचा दसपटीहून अधिक झाला. याला संरक्षण कसे म्हणावे?

‘तरी गुडघाच नाजूक’ असा आक्षेप येईल. पण जिना उतरताना मागच्या पायाचा गुडघा दर पायरीला बोटांपुढे जातो. तालमीतल्या बैठकांत तर टाच उचललेली आणि गुडघा बराच पुढे असतो. हालचालीत मुळात दोष नाही. सवयीच्या पलीकडचे वजन घाईने चढवणे हे दुखण्याचे नेहमीचे कारण. शिवाय गुडघ्याच्या वाटीमागचा दाब काटकोनाच्या आसपास सर्वाधिक असतो. त्याखाली मांडी पोटरीला टेकली की थोडा भार तिथे वाटला जातो. अर्ध्यावर थांबणारा मात्र ‘एवढे झेपते’ म्हणून बारवर भलतेच वजन लावतो आणि ते सोसतो कणा.

मग नियम कोणता? बार पावलाच्या मध्यावर राहावा आणि सरळ रेषेत खाली-वर व्हावा. टाच आणि चवडा दोन्ही जमिनीला घट्ट असावेत. गुडघे बोटांच्या दिशेने जावेत, आत कोसळू नयेत. खाली जाण्यापूर्वी श्वास भरून पोट ताठ करावे. कंबर गोल होऊ लागते तिथे आपली खोली संपते. ज्याचे घोट्याचे सांधे आखडलेले आहेत, त्याने उंच टाचेचे बूट वापरावेत. रॅकच्या सेफ्टी पिना आपल्या तळबिंदूच्या किंचित खाली लावाव्यात. गुडघ्याच्या वाटीला आधीच दुखणे असेल तर काही काळ गुडघा मागे राखणे शहाणपणाचे, पण ते पथ्य रुग्णापुरते आहे.

ज्यांच्या मांड्या लांब, त्यांचा गुडघा पुढे जाणारच. हट्टाने मागे धरला तर तोल सावरायला धड झुकवावे लागते. ट्रेनरने बोटांपुढची रेघ पाहण्याऐवजी टाच उचलली जाते का, गुडघा आत वळतो का आणि कंबर गोल होते का, एवढे तीन पाहावे. यांतले एकही बिघडले, तर वजन कमी करायला सांगावे.