पाववाल्याची काठी आणि गिऱ्हाइकाचें कार्ड

आमच्या घरानजीकच्या एका बेकरीनें गेलीं कांहीं वर्षें नेहमीच्या गिऱ्हाइकांस जाड कागदाचें एक कार्ड देण्याची पद्धत ठेविली होती. कार्डावर दहा चौकटी असत. दर खरेदीस एका चौकटींत गव्हाच्या लोंबीचा शिक्का उठे, आणि दहा शिक्के भरले कीं एक पाव फुकट मिळे. अलीकडे तीं कार्डें बंद झालीं. आतां आपल्या मोबाईलचा क्रमांक सांगावयाचा, आणि गल्ल्याजवळचें यंत्र त्या क्रमांकाच्या नांवें गुण जमा करतें. पुष्कळांस ही सोय वाटली, आणि ती सोय आहेहि. परंतु आमच्या पाकिटांत नऊ शिक्क्यांचें कार्ड तसेंच राहून गेलें होतें. त्यामुळें पाववाला आणि गिऱ्हाईक यांच्यामधील हिशेब आजवर कोणीं व कसा ठेविला, याचा मागोवा घ्यावा असें आमच्या मनांत आलें.

या हिशेबाचें सर्वांत बोलकें साधन कागदाचें नव्हे, लांकडाचें होतें. फ्रान्समध्यें उधारीवर पाव देणारा पाववाला एक काठी उभी चिरून तिचे दोन भाग करी. एक भाग त्याच्याजवळ राही, दुसरा गिऱ्हाइकाच्या घरीं. पाव घेतेवेळीं दोन्ही भाग एकमेकांस जुळवून धरावयाचे, आणि दोहोंवरून एकच आडवी खांच पाडावयाची. हिशेब चुकता करतांना खांचा मोजल्या कीं झालें. पाववाल्यानें आपल्या भागावर चोरून एखादी खांच वाढविली, तर तिची जोडीदारीण दुसऱ्या भागावर सांपडत नसे. गिऱ्हाइकानें आपल्याकडील खांच तासून टाकली, तरी पाववाल्याची तशीच राही. जिला अक्षरओळख नाहीं अशा बाईसहि आपला हिशेब नुसत्या बोटांनीं चांचपून तपासतां येई. नेपोलियनच्या अमदानींत १८०४ सालीं फ्रान्सचा जो दिवाणी कायदा झाला, त्याच्या १३३३ व्या कलमानें अशा जुळणाऱ्या काठ्यांस पुरावा म्हणून मान्यता दिली. मात्र किरकोळ मालाचा हिशेब त्या रीतीनें ठेवण्याची ज्यांची वहिवाट आहे, त्यांच्यापुरतीच. मोठमोठ्या करारांच्या आणि वारसाहक्कांच्या शेजारीं पाववाल्याच्या काठीस कायदेपंडितांनीं बसावयास जागा दिली, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते.

इंग्लंडच्या सरकारी खजिन्यांतहि शतकानुशतकें अशाच काठ्या चालत. १८२६ सालीं त्यांचा व्यवहार संपला, आणि १८३४ च्या ऑक्टोबरांत, निरुपयोगी झाल्या म्हणून, त्या पार्लमेंटच्या इमारतींतील भट्ट्यांत जाळीत असतां अशी आग भडकली कीं वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्याचा बहुतेक भाग तींत खाक झाला. जुना हिशेब मोडीत काढतांना थोडें जपून असावें, इतकेंच येथें म्हणतों.

आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला. हा शब्दहि त्यांचाच. गोव्यांत दारोदार पाव पोंचविणाऱ्यास पोदेर म्हणतात, तेंहि पोर्तुगीज नांवाचेंच रूप. खांचांची काठी आपल्या घरांत नव्हती, परंतु दुधाचा रतीब लागलेल्या घरांत दिनदर्शिकेच्या चौकटींत लिटरांचा आंकडा मांडतात, खाडा पडला तर फुली करतात, ती तिची दूरची बहीणच समजावयाची. गवळ्याची टिपणी एक, गृहिणीची एक, आणि महिनाअखेर दोहोंची गांठ. क्वचित् त्या गांठीस भांडणाचें रूप येतें, पण भांडावयास दोघांपाशीं कांहीं तरी असतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत हा संबंध उलटा झाला. काठीवर गिऱ्हाईक ऋणको होतें. आतां दुकानदार स्वतःहून गिऱ्हाइकाचा ऋणको होऊं लागला. १८९६ सालीं स्पेरी आणि हचिन्सन यांच्या कंपनीनें आपल्या हिरव्या तिकिटांचा धंदा मांडला. दुकानदारानें तीं तिकिटें कंपनीकडून घ्यावीं आणि खरेदीच्या प्रमाणांत गिऱ्हाइकांस वांटावीं. गिऱ्हाइकांनीं तीं वहींत चिकटवावीं, आणि वह्या भरल्या म्हणजे त्यांच्या मोबदल्यांत संसारोपयोगी वस्तु न्याव्या. इंग्लंडमध्यें रिचर्ड टॉमकिन्स यांनीं १९५८ सालीं याच धर्तीवर ग्रीन शील्ड नांवाचीं तिकिटें काढलीं. हा व्याप इतका वाढला कीं १९६४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटास कायदा करावा लागला: प्रत्येक तिकिटावर त्याची रोख किंमत छापलेली असावी, आणि ठराविक रकमेचीं तिकिटें जमल्यावर मागणाऱ्यास रोख पैसे द्यावे. ही छापील किंमत पेनीचा लहानसा अंश असे. तिच्यावर कोणाचें घर चाललें नाहीं. पण हातांतील कागदाचा तुकडा हें दुकानदाराचें दान नव्हे, देणें आहे, असें कायद्यानें म्हटलें. तें देणें कोणाचें, हें मात्र तिकिटावर लिहिलेलें नसे. ज्याच्या हातीं वही, त्याचा हक्क. त्याचें नांव-गांव विचारण्याचें कारणच नव्हतें.

बेकरीचें शिक्क्यांचें कार्ड याच कुळांतलें. त्यांत मनुष्यस्वभावाची थोडी थट्टाहि आहे. मोटारी धुऊन देणाऱ्या एका ठिकाणीं अमेरिकन संशोधकांनीं केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तीनशें कार्डें वांटलीं. निम्म्यांवर आठ चौकटी रिकाम्या, निम्म्यांवर दहा, पैकीं दोन आधींच भरलेल्या. भरावयाच्या चौकटी दोहोंतहि आठच. तरी पहिल्या प्रकारचीं शेंकडा १९ कार्डें पुरीं झालीं आणि दुसऱ्या प्रकारचीं ३४. आरंभ झालेला आहे एवढ्या समजुतीवर माणूस पुढें चालतो! आमचे नऊ शिक्के आमच्या जिवाला कां लागले, याचा उलगडा आम्हांस येथें झाला.

कागदाचे दोष लपवावयाचे कारण नाहीं. कार्ड हरवतें, धुण्यांत जातें, आणि मुख्य म्हणजे त्याची नक्कल होते. सँडविच विकणाऱ्या सबवे या अमेरिकन कंपनीनें बनावट तिकिटांच्या सुळसुळाटामुळेंच २००५ सालीं आपली तिकिटांची योजना गुंडाळली. लहान बेकरीवाल्यानेंहि रबरी शिक्का कोणाकोणाच्या हातीं पडतो याची धास्ती घेतली, तर त्यास नांवें ठेवतां येणार नाहींत. यंत्रानें ही धास्ती बरीचशी जाते.

पण यंत्र आणखी एक गोष्ट करतें, आणि तिचा इतिहास टेस्को या ब्रिटिश दुकानदार कंपनीच्या चरित्रांत स्वच्छ दिसतो. टेस्कोनें १९६३ पासून ग्रीन शील्डचीं तिकिटें दिलीं आणि १९७७ सालीं तीं बंद करून भाव उतरविले. पुढें १९९५ सालीं तिनें नांवनिशीचें कार्ड देशभर सुरू केलें. चांचणीचे निकाल संचालकांपुढें आले तेव्हां अध्यक्ष मॅक्लॉरिन यांनीं काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत. आपल्या गिऱ्हाइकांविषयीं तीस वर्षांत आपणांस जें कळलें नाहीं, तें या मंडळींस तीन महिन्यांत कळलें, याची भीति वाटते, असा त्यांचा आशय होता. तिकिटाच्या वहीनें दुकानदारास कांहींच सांगितलें नव्हतें. कार्डानें कोण, कोणत्या वारीं, काय घेतें, तें सारें सांगितलें. सवलत ही त्या माहितीची किंमत ठरली, आणि ती किंमत दुकानदारानेंच ठरविली.

आमचा आक्षेप यंत्रास नाहीं. काठीचे दोन भाग होते. कागदाचा एकच होता, पण तो गिऱ्हाइकाजवळ होता. आतांहि भाग एकच आहे, आणि तो दुकानदाराजवळ आहे. गुण किती, ते केव्हां बाद होणार, दहांचे बारा केव्हां होणार, हें त्यानें सांगावें आणि आपण ऐकावें. बिलाच्या कागदावर जमा गुण छापले, बाद होण्याची तारीख सांगितली, आणि क्रमांक देऊं न इच्छिणारास जुनें कार्ड चालूं ठेविलें, तर काठीचा दुसरा अर्धा भाग थोड्या खर्चांत परत करतां येईल. खरेदीसाठीं मोबाईल क्रमांकाचा हट्ट धरूं नये, असें केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें २०२३ च्या मे महिन्यांत दुकानदारांस बजाविलें. त्याच वर्षीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाहि संसदेनें संमत केला. बेकरीच्या गल्ल्यापर्यंत या गोष्टी पोंचावयास वेळ लागेल.

आम्ही कार्ड घेऊन गेलों तेव्हां गल्ल्यावरच्या मुलीनें आमचा क्रमांक घेतला आणि नऊ शिक्के मोजून यंत्रांत नऊ गुण चढविले. कार्ड ती टोपलींत टाकणार, इतक्यांत आम्हीं तें परत मागितलें. तिनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, पेनानें त्यावर एक आडवी रेघ ओढली, आणि पावाच्या पुडक्याबरोबर आमच्या हातीं दिलें.