गुरुत्वीय लहरी : संकेत आणि गोंगाट

शोधयंत्रातील हालचाल खऱ्या गुरुत्वीय लहरीची आहे की यंत्राच्याच गोंगाटाची, याची पारख. लहर आल्यास अमेरिकेतील लायगो या शोधयंत्राच्या ४ किमी लांब बाहूंच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. वारा, वाहने, दूरचे भूकंप यांचा धक्का त्याहून कितीतरी मोठा. लायगोच्या हॅनफर्ड येथील यंत्रात तर तिथल्या एका नळीवरच्या बर्फावर डोमकावळ्यांनी मारलेल्या चोचीही नोंदीत उमटल्या होत्या.

पहिली चाळणी साच्यांची. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना लहर कशी दिसेल, हे सापेक्षता सिद्धांतावरून आधी काढता येते. मग नोंदीवर तसे साचे लावून पाहतात. असे किती साचे लागतील आणि ते कसे निवडावेत, याचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९१ मधील काम मोडते. गुरुत्वीय लहरीच्या २०१५ च्या पहिल्या शोधात सुमारे अडीच लाख साचे वापरले गेले.

साचा जुळला म्हणजे काम झाले असे नाही. ‘ग्लिच’ नावाचे क्षणिक झटकेही जड कृष्णविवरांच्या साच्याला बेमालूम जुळतात. म्हणून संकेताची ऊर्जा वेगवेगळ्या वारंवारतांत अपेक्षेप्रमाणे वाटली गेली आहे का, हे काय-वर्ग कसोटीने तपासतात. शिवाय हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील, एकमेकांपासून ३,००० किमी अंतरावरच्या, लायगोच्या दोन्ही यंत्रांत तोच संकेत जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांच्या फरकाने यायला हवा. योगायोगाने असे किती वेळा घडेल, हे काढण्याची युक्ती नामी आहे : एका यंत्राची नोंद मुद्दाम पुढेमागे सरकवायची, म्हणजे उरलेली प्रत्येक जुळणी खोटीच. १४ सप्टेंबर २०१५ चा संकेत ६.९ मिलिसेकंदांच्या फरकाने आला. तसा योगायोग दोन लाख वर्षांत एकदाही संभवत नव्हता.

यंत्रणा चकतेही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाआधी सुमारे एक सेकंद लिव्हिंग्स्टनला ग्लिच आला आणि स्वयंचलित शोधात फक्त हॅनफर्डची नोंद पुढे आली. माणसांनी आलेख पाहिला, तेव्हा झटक्याआड लांबलचक संकेत स्पष्ट दिसत होता.

जागेची निवड हीदेखील गोंगाटावरची उपाययोजनाच. पुण्याजवळच्या माण-हिंजवडीसारख्या रहदारीच्या पट्ट्यात असे यंत्र चालणे कठीण. लायगो-इंडिया या भारतातील नियोजित यंत्रासाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुका निवडण्यात आला असून, २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.