शीतप्रारंभ आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशामुळे त्यातील उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून तेथे शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आले. देशभर ते मिळण्यास २००० साल उजाडले. बीडसारखे जिल्हे व महानगरे यांच्या मानकांतील भेद तर २०१७ मध्ये भारत स्टेज-४ सर्वत्र लागू झाल्यावरच मिटला.

तथापि, हा इतिहास येथे संपत नाही. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज उत्प्रेरक पुरेसे कार्य करीत नाही. युरोपीय चाचणीत तर २००० पूर्वी इंजिन सुरू झाल्यानंतरचे पहिले ४० सेकंद मोजलेच जात नसत. उत्प्रेरक लवकर तापावा म्हणून ठिणगी उशिरा पाडली जाते; त्यात जादा इंधन खर्ची पडते. विजेने तापणारा उत्प्रेरक हा त्यावरील पर्याय होय. १९९० च्या दशकात जर्मनीत तो मोटारीत बसविला गेला. परंतु १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्याचा भार मोठा होता. ४८ व्होल्टच्या प्रणालीमुळे ही अडचण कमी झाली आहे.

बीड शहरातील बाजारपेठेपर्यंतची फेरी उत्प्रेरक पुरता तापण्यापूर्वीच संपू शकते. म्हणूनच पहिल्या मिनिटाचा धूर हा केवळ महानगरांचा प्रश्न मानणे उचित ठरणार नाही.