ईआर = ईपीआर

क्वांटम गुंतणूक आणि कृमिविवर (वर्महोल) ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे असावीत, अशी सैद्धांतिक भौतिकीतील अटकळ. हुआन माल्डासेना व लेनर्ड ससकिंड यांनी ती २०१३ मध्ये मांडली.

नावातील आद्याक्षरे १९३५ सालच्या दोन शोधनिबंधांच्या लेखकांची आहेत. आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांच्या निबंधात गुंतलेल्या कणांचा पेच होता : एका कणाचे मापन करताच दूरच्या जोडीदाराविषयी निश्चित काही सांगता येते, म्हणून पुंजयामिकी अपुरी असली पाहिजे. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच नियतकालिकात आइन्स्टाइन व रोझेन या दोघांचा निबंध आला. त्यात अवकाशाचे दोन पदर जोडणारा पूल, म्हणजेच कृमिविवर, सापेक्षतेच्या समीकरणांतून निघतो. पुढची कित्येक दशके हे दोन विषय वेगवेगळ्या वर्गांत शिकवले गेले.

अटकळीला निमित्त झाले ते २०१२ मधल्या ‘अग्निभिंती’च्या वादाचे. निम्म्याहून अधिक बाष्पीभवन झालेल्या कृष्णविवरातून बाहेर पडणारा कण आधीच्या प्रारणाशीही गुंतलेला हवा आणि क्षितिजाआतल्या जोडीदाराशीही. पूर्ण गुंतणूक मात्र एका वेळी एकाशीच होऊ शकते; आतल्या जोडीदाराशी असलेली तोडली, तर क्षितिजावर तप्त ‘अग्निभिंत’ उभी राहते. माल्डासेना-ससकिंड यांचे उत्तर असे, की कृष्णविवराचा अंतर्भाग आणि दूर गेलेले प्रारण या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीतच. पुलाने जोडलेल्या त्या एकच आहेत.

या कल्पनेचा भक्कम पाया एका विशिष्ट उदाहरणात आहे. ऋण वक्रतेच्या अवकाशातील चिरंतन कृष्णविवराला दोन बाह्य प्रदेश असतात. त्याचे पुंजयामिकीय वर्णन दोन अलग प्रणालींनी होते; त्यांच्यात कोणतीही आंतरक्रिया नसते, असते ती केवळ गुंतणूक. मार्क व्हॅन राम्सडॉन्क यांनी २०१० मध्ये दाखवले, की ही गुंतणूक कमी करत नेली तर दोन प्रदेशांमधला अवकाश लांबत व बारीक होत जातो आणि अखेर तुटतो. या सगळ्या विषयातला सर्वांत पटणारा युक्तिवाद हाच.

पुलावरून पलीकडे जाता येत नाही. प्रकाशकिरण पार होण्याआधीच पूल चिमटला जातो, हे फुलर व व्हीलर यांनी १९६२ मध्ये सिद्ध केले. गुंतणुकीनेही संदेश पाठवता येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मर्यादा जुळतात. २०१६ मध्ये गाओ, जॅफरिस व वॉल यांनी दाखवले, की दोन्ही टोकांत थेट आंतरक्रिया घडवली, तर ऋण ऊर्जेमुळे पूल खुला राहतो. याचेही प्रतिरूप गुंतणुकीच्या बाजूला आहे : क्वांटम टेलिपोर्टेशनलाही (कणाची अवस्था दूरच्या कणावर पोचवण्यालाही) गुंतणुकीखेरीज नेहमीच्या मार्गाने निरोप धाडावा लागतोच.

दोन साध्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीला मात्र हे समीकरण लावणे धाडसाचे आहे. तेथे नेहमीच्या अर्थाने भूमितीच नसते; ‘पूल’ म्हणजे नेमके काय, हे कोणी लिहून दिलेले नाही. गूगलच्या सिकॅमोर संगणकावर नऊ क्यूबिट वापरून केलेला २०२२ चा प्रयोग ‘कृमिविवर बनले’ म्हणून गाजला. प्रत्यक्षात ते एका अतिसुलभ प्रतिमानाचे अनुकरण होते, आणि त्यात गुरुत्वासारखे काही दिसले का, यावरही इतर भौतिकशास्त्रज्ञांनी पुढच्याच वर्षी हरकत घेतली.