यंत्राची मर्यादा कोणी सोसायची? अवकाश-खेळ आणि संगणकाच्या ‘अपग्रेड’चा इतिहास (धागा)

१/
साल १९६२. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ पूर्णत्वास नेला. पडद्यावर दोन याने, मध्यभागी एक तारा आणि त्याचे गुरुत्वाकर्षण. हा खेळ चाले पीडीपी-१ या संगणकावर, ज्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. यंत्राच्या दर्शनी भागावरील कळा दाबून यान हाकणे मोठे अवघड जाई. म्हणून ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी सुट्या भागांतून वेगळी नियंत्रण-पेटी बनवली. अवकाशातील खेळ नीट खेळता यावा यासाठी यंत्राला नवा भाग जोडण्याचा हा अगदी आरंभीचा दाखला होय.

२/
आज एखादा तरुण नवे ग्राफिक्स कार्ड, जादा रॅम किंवा एसएसडी घेतो आणि ‘स्टार सिटिझन’सारखा खेळ विनाअडथळा चालेल अशी आशा धरतो, तेव्हा तो याच परंपरेचा वारस असतो. या परंपरेच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. यंत्र तोकडे पडले, तर झळ कोणी सोसायची? खेळ रचणाऱ्याने की खेळणाऱ्याने? गेल्या चार दशकांत या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, ते या धाग्यात पाहू.

३/
पहिले उत्तर केंब्रिजमधून आले. तेथील विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांचा ‘एलिट’ हा खेळ सप्टेंबर १९८४ मध्ये एकॉर्नसॉफ्टने प्रकाशित केला. यंत्र होते बीबीसी मायक्रो. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि ‘मॉडेल बी’मध्ये अवघी ३२ केबी मेमरी. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्या मेमरीत मावणार नाही.

४/
एवढ्याशा जागेत या दोघांनी ८ आकाशगंगा बसवल्या. प्रत्येकीत २५६ सूर्यमाला, म्हणजे एकूण २,०४८. ही माहिती साठवली असती तर मेमरी केव्हाच संपली असती. त्यांनी ती साठवलीच नाही. सहा बाइट्समध्ये मावणारे तीन आकडे हे ‘बीज’. त्यांवर ठरावीक गणिती क्रिया केली की पुढच्या सूर्यमालेचे बीज मिळे. ग्रहाचे नाव, स्थान, शासनपद्धती, अर्थव्यवस्था सारे त्या बीजातून गरजेच्या क्षणी उगवे. बीज तेच, म्हणून पीकही दर वेळी तेच.

५/
६५०२ या प्रोसेसरला गुणाकाराची स्वतंत्र आज्ञाही नव्हती. तरीही त्रिमितीतील याने रेषाचित्रांच्या रूपात फिरत, मागच्या बाजूच्या रेषा अदृश्य होत. पडद्याचा वरचा भाग एका चित्रपद्धतीत आणि खालची उपकरणपट्टी दुसऱ्या पद्धतीत दिसे. पडदा रंगवला जात असतानाच मध्यावर पद्धत बदलण्याची ही करामत होती. खेळणाऱ्याकडे ‘मॉडेल बी’ असले की पुरे. उरलेली सारी ओढाताण रचनाकारांनी सोसली.

६/
तरी अपग्रेडची चाहूल तिथेही होती. १६ केबीच्या ‘मॉडेल ए’ला जादा मेमरी चिप लावून ‘बी’च्या पंक्तीत आणता येई. पुढे ज्यांच्याकडे बीबीसी मायक्रोला जोडायचा दुसरा प्रोसेसर होता, त्यांच्यासाठी ‘एलिट’ची अधिक रंगीत, अधिक यानांची आवृत्तीही निघाली. मात्र ती चैन होती, अट नव्हती.

७/
या यंत्राचा भारताशी थेट संबंध आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शालेय संगणक-साक्षरतेसाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला आणि आरंभी सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. ज्या यंत्रावर ब्रिटनमधील मुले घरी बसून आकाशगंगा पालथी घालत होती, तेच यंत्र इथे शाळेच्या संगणक-कक्षात, अनेकांच्या वाट्याला थोडे थोडे येत होते. यंत्र एकच, पण ते कोणाच्या मालकीचे यावर त्याचा उपयोग ठरतो.

८/
दुसरे उत्तर टेक्सासमधील ऑस्टिन शहरातून आले. १९९० मध्ये ओरिजिन सिस्टिम्सने ‘विंग कमांडर’ प्रकाशित केला. त्याचा सूत्रधार ख्रिस रॉबर्ट्स. २५६ रंग, चित्रपटासारखे प्रसंग, प्रसंगानुसार बदलणारे संगीत. खेळ २८६ प्रोसेसरवर चाले खरा. पण त्याची खरी शान ३८६ प्रोसेसर, व्हीजीए कार्ड आणि साउंड कार्ड असलेल्या यंत्रावरच कळे. मर्यादेचे ओझे आता खेळणाऱ्याच्या खिशाकडे सरकू लागले होते.

९/
हे शक्य झाले, यामागे एक भौतिक कारण होते. आयबीएम पीसी आणि त्याच्या बरहुकूम बनलेल्या यंत्रांचे खोके उघडता येई आणि आत कार्डे बसवण्यासाठी रिकामे स्लॉट असत. आज ध्वनी, उद्या मेमरी, परवा चित्र, अशी हप्त्याहप्त्याने सुधारणा करता येई. यंत्र बदलता येते हे माहीत असल्यानेच रचनाकार ‘यंत्र बदला’ असे सुचवू शकला.

१०/
पण पैसे खर्चूनही सुटका नव्हती. मूळ पीसीचा प्रोसेसर फक्त १ एमबी मेमरीचा पत्ता ओळखे. त्यातील ३८४ केबी आयबीएमने पडदा आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवली. प्रोग्रामला उरली ६४० केबी. पुढे यंत्रात ४ एमबी रॅम आली तरी डॉसला ही जुनी कुंपणरेषा ओलांडताना आडमार्ग घ्यावे लागत. ‘विंग कमांडर’मध्ये जादा मेमरी नीट मांडून दिली असेल, तरच काही जादा चित्रे दिसत.

११/
त्यामुळे नव्वदच्या दशकातील खेळाडू नकळत तंत्रज्ञ बनला. कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या फायलींत ओळी वरखाली करायच्या, माउसचा ड्रायव्हर काढून दहा-बारा केबी वाचवायच्या, साउंड कार्डावरील जंपर हलवायचे, एकेका खेळासाठी वेगळी बूट फ्लॉपी ठेवायची. आज हौशी खेळाडू सेटिंग्जमध्ये जी खटपट करतो, तिची पाळेमुळे इथे आहेत.

१२/
रचनाकारांचीही स्थिती निराळी नव्हती. ‘विंग कमांडर’ बंद करताना मेमरी-व्यवस्थापक एक त्रुटी-संदेश दाखवी आणि तिचे मूळ सापडेना. मुदत संपत आली होती. अखेरीस एका प्रोग्रामरने त्या संदेशाचा मजकूरच बदलून तिथे खेळल्याबद्दलचे आभार लिहिले! आणखी एक गंमत अशी की, खेळाची गती प्रोसेसरच्या गतीशी बांधलेली होती. पुढे वेगवान ४८६ यंत्रांवर तो इतका सुसाट धावे की खेळणे अशक्य व्हावे. यंत्र सुधारले की खेळही सुधारतो, हे गृहीतक तेव्हाही पुरते खरे नव्हते.

१३/
डिसेंबर १९९४ मध्ये ‘विंग कमांडर ३’ आला. मार्क हॅमिल आणि माल्कम मॅकडॉवेल यांच्यासारखे अभिनेते, चार सीडी, किमान ४८६ प्रोसेसर, ८ एमबी रॅम आणि दुप्पट वेगाचा सीडी ड्राइव्ह. एक खेळ घरी आणायचा, तर ड्राइव्ह, रॅम आणि कधी कधी मदरबोर्डही आणायचा, अशी ही यादी होती.

१४/
याच काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन संगणक ‘असेंबल’ करून देणारी बाजारपेठ बहरली. भारताने १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञान करारात प्रवेश केला आणि पुढील काही वर्षांत संगणकावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. तरीही मध्यमवर्गीय घरात संगणक ‘अभ्यासासाठी’ येई. ग्राफिक्स कार्डाची मागणी पालकांपुढे मांडताना मुलांना बरेच युक्तिवाद रचावे लागत.

१५/
१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची ‘व्हूडू’ चिप आली. त्या वर्षी मेमरी चिपच्या किमती कोसळल्यामुळे तिच्यावरील कार्डे घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आली. जुने कार्ड काढायचे नाही. नवे शेजारी बसवायचे आणि बाहेरून एक छोटी केबल जोडायची. साधी चित्रे जुन्या कार्डाची, त्रिमिती नव्याची. १९९७ च्या ‘विंग कमांडर: प्रॉफेसी’ने या कार्डाचा उत्तम उपयोग केला. दैव मात्र विचित्र. यंत्रे अशी सज्ज होत असतानाच अवकाश-खेळांचा बाजार ओसरला. १९९९ चा ‘फ्रीस्पेस २’ आणि २००३ चा ‘फ्रीलान्सर’ हे त्या पर्वाचे शेवटचे मोठे मानकरी ठरले.

१६/
मध्यंतरी आणखी एक बदल घडला. १९९० मध्ये ३३ मेगाहर्ट्झचा ३८६ हा वेगवान मानला जाई. २००० मध्ये १ गिगाहर्ट्झ गाठला गेला, म्हणजे दहा वर्षांत तीसपट. २००२ मध्ये ३ गिगाहर्ट्झ झाले. त्यानंतर उष्णता आणि वीज यांच्या मर्यादेमुळे ही धाव मंदावली. आजचा घरगुती प्रोसेसर त्या आकड्याच्या दुपटीच्या आसपासच घुटमळतो. भर आता गाभ्यांची, म्हणजे कोअरची, संख्या वाढवण्यावर आहे. ‘थोडे थांबा, यंत्रेच वेगवान होतील’ हा नव्वदच्या दशकातला भरवसा इथे संपला.

१७/
नेमक्या या काळात जुने दोन प्रतिस्पर्धी परतले. ऑक्टोबर २०१२ मध्ये रॉबर्ट्सने ‘स्टार सिटिझन’ची घोषणा केली, तर नोव्हेंबरमध्ये ब्रेबेनने ‘एलिट: डेंजरस’ची. दोघांनीही पैसा थेट खेळाडूंकडे मागितला. ब्रेबेनचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात सुमारे ४०० अब्ज सूर्यमालांची आपली आकाशगंगा होती आणि तिचा फार मोठा भाग जुन्याच ‘बीज’ पद्धतीने उगवलेला होता. रॉबर्ट्सचा खेळ आरंभी २०१४ मध्ये अपेक्षित होता. २०२४ पर्यंत त्यासाठी ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. खेळ तेव्हाही अपूर्ण, ‘अल्फा’ अवस्थेतच होता.

१८/
‘स्टार सिटिझन’ यंत्राला एवढे का दमवतो? एक उदाहरण. स्थान नोंदवण्याच्या नेहमीच्या ३२ बिट पद्धतीत साधारण सात अंकांपर्यंतच अचूकता मिळते. मोजणीच्या आरंभबिंदूपासून १०,००० किलोमीटरवर ही अचूकता १ मीटरपर्यंत घसरते. म्हणजे यानातील माणूस थरथरू लागेल. म्हणून रचनाकारांनी ६४ बिट पद्धत स्वीकारली. शिवाय असंख्य वस्तूंचा हिशेब प्रोसेसरने सतत ठेवायचा. तो हिशेब पुरा होईतो महागातले ग्राफिक्स कार्डही हात जोडून बसते.

१९/
दुसरे उदाहरण साठवणुकीचे. सेकंदाला ६० चित्रे हवीत, तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एकेका ठिकाणची माहिती शोधायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एसएसडीला त्याचा शंभरावा भाग पुरतो. ग्रहावर उतरताना खेळ अडखळतो, त्यामागे पुष्कळदा हे साधे गणित असते. म्हणूनच या खेळाला एसएसडी आणि १६ जीबी रॅम अनिवार्य ठरली. २०१७ मध्ये तर इंटेलने आपल्या ‘ऑप्टेन ९००पी’ या एसएसडीसोबत या खेळातील एक आभासी यान भेट दिले. खेळासाठी भाग घ्यायचा की भागासाठी खेळ, ही सीमारेषा तिथे पुसट झाली.

२०/
काटकसरीची परंपरा एका बाजूला आणि उधळपट्टीची दुसऱ्या, अशी सोपी वाटणी मात्र करता येत नाही. २०२१ मध्ये ‘एलिट: डेंजरस’चा ‘ओडिसी’ हा विस्तार आला, तेव्हा तो चांगल्या यंत्रांवरही रखडला आणि ब्रेबेन यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ३२ केबीत ब्रह्मांड बसवणारा माणूसही मुबलक मेमरीच्या युगात याच अडचणीत सापडला. दुसरीकडे, रॉबर्ट्सच्या हट्टामुळे जे चित्र आणि जो ध्वनी पीसीवर आला, त्याचा लाभ पुढे साऱ्यांनाच झाला.

२१/
तरीही प्रश्न उरतोच. १९८४ मध्ये मर्यादेची किंमत दोन विद्यार्थ्यांच्या श्रमांत मोजली गेली, १९९४ मध्ये ती खेळाडूच्या पैशांत मोजली गेली आणि २०१२ नंतर पैसा आणि प्रतीक्षा या दोहोंत. ‘किमान गरजा’ ही खोक्यावरची यादी वरवर तांत्रिक दिसते. प्रत्यक्षात प्रकाशकाने कोणाला ग्राहक मानले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, याची ती नोंद असते. ज्या देशात तेच ग्राफिक्स कार्ड घरच्या कमाईचा कितीतरी मोठा वाटा गिळते, तिथे ती नोंद अधिकच बोलकी ठरते.

२२/
इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक काम मिळते. अमेरिका-ब्रिटनमधील खेळाडूंचा इतिहास तिथल्या मासिकांत आणि संग्रहालयांत जपला गेला आहे. आपल्याकडचा इतिहास मात्र लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने हाताने लिहून दिलेल्या कोटेशनमध्ये, वॉरंटी कार्डात, जुन्या बूट फ्लॉपीवरच्या चिठ्ठीत दडलेला आहे. माळ्यावरचे जुने खोके भंगारात देण्यापूर्वी ते कागद जरूर पाहावेत. कोणत्या साली, किती रुपयांना, कोणता भाग आणि कशासाठी घेतला, एवढे जरी त्यांत सापडले तरी तो अस्सल साधनांत मोडणारा ऐवज आहे. आपल्या घरी असे काही असेल तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली अवश्य जोडावे. फक्त नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक झाकून.

(धागा समाप्त)