बॅटरी पूर्ण संपू द्यायची का?

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांनी कपाटातून लॅपटॉप काढून समोर ठेवला. म्हणाले, "बघ रे, चार्जर काढला की लगेच बंद पडतो. माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असेल."

चूक त्यांची नव्हती, माझी होती. माझा जुना लॅपटॉप त्यांना देताना मीच बजावलं होतं, "पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही हं!" बाबा निवृत्त हेडक्लार्क. नियम म्हणजे नियम. स्क्रीन काळी पडेपर्यंत वाट बघायचे. आणि मला हे ज्ञान कुठून मिळालं? तर हॉस्टेलवर कोणीतरी सांगितलेलं. (इंजिनिअर म्हणे!)

मग सुट्टीत जरा खोदकाम केलं. हा नियम खोटा नाहीये, फक्त दुसऱ्या बॅटरीचा आहे. सुरुवातीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असायच्या. त्या अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केल्या तर त्याच टप्प्यावर त्यांचं व्होल्टेज घसरायचं, जणू तेवढंच काम त्यांच्या लक्षात राहिलंय. म्हणून अधूनमधून पूर्ण रिकामी करायची.

लिथियमची कथा वेगळी. १९७०च्या दशकात एक्झॉनमध्ये स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड आणि लिथियम धातू वापरून बॅटरी केली, साधारण दोन व्होल्टची. पण चार्ज करताना लिथियमचे केसासारखे काटे वाढायचे, ते पलीकडे टेकले की शॉर्टसर्किट आणि आग. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइड वापरून व्होल्टेज चारपर्यंत नेलं. ऑक्सफर्डने त्याचं पेटंट घ्यायलाच नकार दिला! १९८५ मध्ये जपानच्या असाही कासेईमधल्या अकिरा योशिनो यांनी धातूच काढून टाकला आणि पेट्रोलियम कोक वापरला. मग १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. तिघांना नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

म्हणजे बॅटरी बदलून तीस वर्षं उलटली आणि आपण अजून निकेल-कॅडमियमचं पथ्य पाळतोय. लिथियमला ते उलटंच पडतं. दर वेळी तळ गाठला की तिचं आयुष्य कमी होतं. त्यात रिकामी करून महिनोन्‌महिने कपाटात ठेवली तर उरलंसुरलं हळूहळू गळतं आणि आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. बाबांनी नेमकं तेच केलं होतं, गावी गेले तेव्हा "संपवून" ठेवला होता. दुसरं टोकही वाईटच. १०० टक्के चार्ज म्हणजे सेलमागे ४.२ व्होल्ट, त्या दाबाखाली आतलं द्रावण जास्त लवकर खराब होतं, आणि गरम असेल तर आणखीनच. माझा ऑफिसचा लॅपटॉप कायम प्लगमध्ये, तापलेला... त्याबद्दल न बोललेलं बरं :)

असो. नवी बॅटरी घालून आणली, सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं, आणि बाबांना सगळं नीट सांगितलं. चूक माझी होती हेसुद्धा. ते म्हणाले, "मग आधी का नाही वाचलंस?"

आता दर रविवारी फोन येतो. "बेचाळीसवर आलीये, लावू का आत्ता?"